मोहाच्या दिवसांत आई येते

होळीची राख थंड झाली की पंधरा-वीस दिवसांत आमच्या गॅलरीत आई येते. तिला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. पण येते. वीज केंद्राच्या वसाहतीतलं, ऊर्जानगरमधलं दुसऱ्या मजल्यावरचं हे क्वार्टर आधी माझ्या नवऱ्याला मिळालं होतं, आता मुलाला मिळालंय. आजूबाजूला गुलमोहर आहेत, कडुनिंब आहेत, मोहाचं झाड मात्र औषधालाही नाही. तरी त्या दिवसांत पहाटे जाग येते तीच वासानं. गुळाच्या भेलीवर ओलं पोतं टाकून ठेवावं आणि विसरून जावं, तसा तो वास. आधी गोड लागतो, मग डोकं धरतो.

मी उठून गॅलरीत जाते. रात्रभरात फरशीवर करड्या धुळीचा पातळ थर बसलेला असतो आणि त्यात पावलं असतात. अनवाणी, रुंद पंजाची, अंगठा बाहेर फाकलेला. चालत गेलेली नव्हेत. उकिडवं बसून, जरा सरकून, पुन्हा उकिडवं बसून कोणी काही वेचत गेलं असावं अशी. सून उठायच्या आत मी ती ओल्या फडक्यानं पुसून घेते.

एकदा मुलाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, मांजर असेल."

असेल. पाच बोटांची मांजर असेल तर माझं काही म्हणणं नाही.

एक सांगून ठेवते. ती येते याची मला भीती वाटत नाही. ती काही बोलत नाही, भांडी पाडत नाही. भीती वाटते ती तिला इथं यावं लागतं याची. माणूस मेल्यावर त्याला घर असावं लागतं. माझ्या आईला ते नाही, आणि ते माझ्यामुळे नाही.

आई एटापल्लीच्या पलीकडच्या माडिया आदिवासींच्या एका गावातली. वडील सिरोंच्याकडचे, तेलुगू. लाकडाच्या डेपोत मापारी होते. दोघांचं कसं जमलं ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण लहानपणी ती मला विचारण्यासारखी गोष्टच वाटत नव्हती. माझे वडील, आमचे नान्ना, देवाशी तेलुगूत बोलत, ट्रकवाल्यांशी हिंदीत, आणि फार लाडात आले की आईशी तिच्या बोलीत. ते तिच्या बोलीत बोलायला लागले की ती तोंडावर पदर घेऊन हसायची, इतकं वाईट बोलत. पुढं त्यांची बदली मूल गावाला झाली. तिथल्या मराठी शाळेत माझं नाव घातलं आणि घरातली चौथी भाषा मी घेऊन आले. घरी येऊन दोघांच्या चुका काढू लागले. सात वर्षांची होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं की पोरगी पुढं मास्तरीण होणार आणि सगळ्यांना छळणार.

त्याच वर्षी की पुढच्या, आई मला मोहाच्या दिवसांत मामाच्या गावी घेऊन गेली. त्यानंतर मी कधी त्या दिवसांत गेले नाही, म्हणून ते एवढे लख्ख राहिलेत.

अजून उजाडलेलं नसायचं. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळून जमीन काळीभोर केलेली असायची, आणि तिच्यावर ती फुलं. पिवळट, गरगरीत, आत रस असलेली, एखाद्या लहान बाळाच्या बोटांची पेरं पसरून ठेवावीत तशी. वरून अजून पडतच असायची. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप् टप्. मानेवर पडलं की गार लागायचं. रात्री अस्वल येऊन गेलेलं असायचं, त्याचे पंजे मामा दाखवायचा आणि म्हणायचा, "त्यानं त्याचं खाल्लं, आपलं ठेवलं." बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. ओरडून एकमेकींना काहीतरी चावट सांगत असाव्यात, कारण सगळं रान हसायचं आणि मला मात्र काही कळायचं नाही.

आणि त्यात माझी आई होती. मूलला ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची. इथं ती रानाच्या मधोमध चालत होती. मोठ्यानं बोलत होती. मामीच्या पाठीत धपाटा घालत होती. एका झाडाखाली फक्त तीच वेचत होती, कारण ते तिचं होतं. त्या गावात मोहाची झाडं घराघराला वाटलेली असतात. आईनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा गाव चिडलं, दंड घेतला, जेवण घेतलं. पण मामानं तिचं झाड तिच्या नावावरच ठेवलं. माणूस कुठंही जाऊ दे, झाड तर इथंच उभं आहे, असा त्याचा हिशोब.

मी एक फूल उचलून तोंडात टाकलं. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. नवं फूल आधी घरच्या म्हाताऱ्यांना द्यायचं असतं, म्हणजे मेलेल्यांना. मग जिवंतांनी खायचं. आई माझ्या तोंडात बोट घालून ते काढायला धावली. मामा तेवढा हसला. म्हणाला, "राहू दे. म्हाताऱ्यायलेही लेकरं होते."

तो मामा. लक्षात ठेवा त्याला. मी चाळीस वर्षं विसरायचा प्रयत्न करतेय.

आता मॅडमची ओळख करून देते. मॅडम म्हणजे मीच, वय वर्षं तेवीस, सावली गावच्या शाळेत नव्यानं लागलेली. केसाला चाप, खांद्याला पर्स, पर्समध्ये काही नाही. 'माझी आई तेलुगू आहे' हे वाक्य मॅडम इतक्या सफाईनं म्हणायच्या की पुढं त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सावलीजवळच्या एका खेड्यात धानाची शेती असलेल्या सरळ बाईनं, आईच्या हातावरचं गोंदण पाहून विचारलं, "हे काय वं, कोपरापावतर?" मॅडम म्हणाल्या, "सिरोंच्याकडे पद्धत आहे." सिरोंच्याच्या सगळ्या बायकांना मॅडमनी एका वाक्यात गोंदून टाकलं.

आई सगळ्यांना 'तू' म्हणायची. तिच्या बोलीत मोठा-लहान असा फरक ती करत नसे, माणसाला माणूस म्हणायची. एकदा शाळेत आली तर हेडमास्तरांना म्हणाली, "तू जेवला का?" मॅडमना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. हेडमास्तर म्हणाले, "नाही हो, अजून नाही," आणि खूश झाले, कारण त्यांना वर्षभरात कोणी हे विचारलंच नव्हतं. पण मॅडमनी घरी येऊन आईला समोर बसवलं आणि 'आपण जेवलात का' हे दहा वेळा म्हणवून घेतलं. दहा वेळा. आई म्हणत राहिली. नंतर तिनं मला तसं विचारणंही सोडलं.

नान्ना गेले तेव्हा आई आमच्या या क्वार्टरमध्ये राहायला आली. दीड वर्ष राहिली. चिमण्यांकडे बघत गॅलरीत बसायची. मोहाचे दिवस आले की तिचं नाक हलायला लागायचं. मामा दरवर्षी तिच्या झाडाची वाळलेली फुलं पाठवायचा. मूलला होते तोवर आई ती लाखोळीच्या डाळीबरोबर शिजवून खायची. क्वार्टरमध्ये पोतं आलं तेव्हा मॅडमनी ते जिन्याखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कचरागाडीत दिलं. लोकांना वाटेल, यांच्या घरी दारू गाळतात.

आई मोहाच्याच दिवसांत गेली. ताप होता, चार दिवसांत गेली. विधीला गुरुजी आले, त्यांनी गोत्र विचारलं. आता आईच्या गावात गोत्र विचारत नाहीत, किती देवांचे ते विचारतात. चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात, तशी घराणी असतात. माझी आई किती देवांची ते मला माहीत होतं, पण ते सासूबाईंसमोर कसं सांगणार? कोणाचं गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, हे मॅडमनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणाल्या, "काश्यप." माझी माडिया आई अशा रीतीनं एका सकाळी काश्यप झाली. घाटावर कावळाही लगेच शिवला. मॅडमना वाटलं, पावती मिळाली. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच.

बाराव्या दिवशी मामा आला.

मोह पडायचे दिवस. त्या दिवसांत तिकडचं माणूस झाड सोडून हलत नाही, वर्षाचं मीठ-तेल त्यावर असतं. मामा झाडं सोडून आला होता, दोन दिवस चालत नि बसनं. दारात उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, बोटं फुलांच्या रसानं चिकट काळी झालेली, काखेत कोरं मडकं. मला पाहून तो हसला आणि तोंड उघडलं. तो माझं नाव घेणार, मला जवळ घेणार. आणि माझ्या मागं दिवाणावर सासूबाई, त्यांच्या दोन बहिणी, शेजारच्या बाया.

मॅडम वळून म्हणाल्या, "वडलांच्या डेपोतला जुना गडी आहे."

तोंड उघडं होतं ते मामानं मिटलं. फार वेळ लागला नाही त्याला. मग तो म्हणाला, "हाव बाई. लई जुना."

सासूबाईंनी त्याला बाहेर जिन्यावर बसायला सांगून चहा दिला. तो प्यायला, कप नळाखाली धुतला आणि कठड्यावर पालथा ठेवला. मग आत न येता मला म्हणाला, "बाईसाहेब, मालकिणीच्या लेकीले एका दिवसासाठी गावाले न्याचं होतं. नदीवर. लेकीनं हाक मारा लागते."

मला ठाऊक होतं तो काय म्हणतोय. त्यांच्यात माणूस गेल्यावर घरचे नदीवर जातात, पाण्यात उतरून नावानं हाक मारतात आणि पाण्यातून जे हाताला येईल, एखादा बारका मासा, एखादा झिंगा, त्याला मडक्यात घेऊन घरी आणतात. तो जीव. त्याला घरातल्या म्हाताऱ्यांमध्ये नेऊन ठेवतात. मग तो बाहेर भटकत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तिला जमणार नाही. शाळा आहे."

"बरं," मामा म्हणाला. मडकं काखेत घेतलं, आणि तो जिना उतरून गेला. कडेकडेनं, भिंतीला धरून. पुन्हा कधी आला नाही. तो मेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही एका बसमधल्या माणसाकडून.

आणि गंमत ऐका. कोणीच फसलं नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मले साखरपुड्यालेच मालूम होतं. तुही आई मले काय 'तू जेवला का' म्हणे! तेलुगू बाई जावयाले असं म्हणते?" आणि सासूबाई, त्या बारा वर्षांनी, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "तो गडी आलता ना तुह्या मायच्या बाराव्याले. त्याचे डोये तुह्यासारखे होते." आणि पुन्हा निवडायला लागल्या. म्हणजे मी मामाला ज्यांच्यासाठी गडी केलं, त्यांना तो मामा म्हणून चालला असता. निदान दोन दिवस कुरकुरून चालला असता. मी विचारलंच नाही.

शहाणी झाले म्हणता? छे. मुलानं चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पातली शेफाली आणली तेव्हा मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "आपल्यात नाही चालत." माझा मुलगा शांतपणे म्हणाला, "आपल्यात म्हणजे कुणात, आई?" शेफाली आली, मोहरीत मासे शिजू लागले, नान्नांच्या घरची आंब्याची तिखटजाळ लोणची मीच तिला शिकवली, आणि तिच्या पोटी मिष्टू झाली. मिष्टू मला ठाकुमा म्हणते, तिच्या आईकडं बापाच्या आईला तसं म्हणतात.

मिष्टू आता एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजचा कसला तरी फॉर्म भरत होती. त्यात मातृभाषेचा एकच चौकोन होता. मी म्हटलं, मराठी लिही. ती म्हणाली, "ठाकुमा, आईची भाषा बंगाली, तुझ्या आईची माडिया गोंडी, बाबाच्या आजोबाची तेलुगू, शिव्या मी हिंदीत देते. एका डब्यात कसं मावेल?" मग तिनं चौकोनाच्या बाहेर, समासात, सगळ्या लिहिल्या. फॉर्म परत आला. तिनं पुन्हा तसाच पाठवला. या वयात मॅडमनी काय केलं होतं ते आठवून मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

या वर्षी मोहाच्या दिवसांत मला ताप होता. उठायला उशीर झाला. गॅलरीत गेले तर मिष्टू तिथं उकिडवी बसलेली, हातात ब्रश तसाच.

"ठाकुमा," ती हळूच म्हणाली, "हे कुणाचे पाय आहेत?"

मांजर म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं. मग तिला सगळं सांगितलं, जिन्यावरच्या पालथ्या कपासकट. ती तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "चल. बस कितीची आहे?"

मामाच्या गावाला आता डांबरी रस्ता जवळपास गेलाय. बसवाल्याबरोबर पाठवलेला निरोप मिळून मामाचा मुलगा पुसू फाट्यावर उभा होता, डोक्याला टॉवेल, तोंडात दोन दात. मी सत्तरीची, तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मला त्यानं एका नजरेत ओळखलं.

"आली का पळपुटी?" तो म्हणाला. मग मिष्टूकडे वळून, "पोरी, तुही आजी माही बायको होणार होती. आमच्यात आत्याच्या पोरीवर पहिला हक्क मामाच्या पोराचा. हे शिकाले गेली न् पळाली."

"मग तुम्ही शोधलं नाही?" मिष्टूनं विचारलं.

"काऊन शोधू? हे पहिलेपासूनच लई बोलत होती."

मी म्हटलं, "पुसू, तुझ्या बापाला मी एकदा..." त्यानं टॉवेल झटकला. "मडकं घेऊन गेलता, मडकं घेऊन आला. का झालं ते नाई सांगितलं त्यानं. आत्याची लेक आजारी हाय म्हणे." मग जरा थांबून म्हणाला, "दोनदा तो एकटाच गेलता नदीवर. हाक मारली. नाई आली आत्या. तिच्या लेकीची वाट पाहून राह्यली असन म्हणे."

गावच्या म्हाताऱ्यांसमोर बसावं लागलं. नियमानं बाईचा जीव नवऱ्याच्या घरच्या देवांत जातो, आणि आईचा नवरा तर त्यांच्यातला नव्हताच. मग तिला माहेरी घ्यायची कशी? बराच वेळ त्यांचं त्यांच्या बोलीत चाललं. मला वीस शब्दांतला एक कळत होता. एवढं कळत होतं की ते नाही म्हणाले तर माझ्या हातात काही उरत नाही. आई अशीच पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी, मी नसेन तेव्हाही त्या फरशीवर उकिडवी सरकत राहील आणि तिला पुसायलाही कोणी नसेल.

एका म्हाताऱ्यानं मला मराठीत विचारलं, "तू किती देवाची?"

"भाऊ, माझं मोजूनच घ्या," मी म्हटलं. "बाप तिरुपतीचा, नवरा भिवसन देवाचा, सून कालीची, आणि मधे बारा दिवस आम्ही काश्यप होतो. आई सात देवांची होती. एवढं मला माहीत आहे."

तो हसला नाही. पण पुसू हसला, आणि म्हाताऱ्यांत कोणी एक हसलं की निम्मं काम होतं. शेवटी दुसरा एक म्हणाला, जिला कोणी नेत नाही तिला भाऊ नेतो. भाऊ नसेल तर भावाचं घर. गावाला जेवण दे आणि घेऊन जा.

नदीत पाणी घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. आंधळ्या मामीला पुसूनं पाठीवर घेऊन आणलं होतं. नव्वदीची असेल, पेटीत मावेल एवढी झालेली. मी पाण्यात उतरले आणि आईला हाक मारायला तोंड उघडलं, "लक्ष्मम्मा..."

"कोण ते?" काठावरून मामी म्हणाली. "असी हाक मारली त सिरोंच्याची कोणी येईन!"

ते नाव नान्नांच्या घरच्यांनी ठेवलेलं. त्याआधीचं नाव मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं तिच्या पोटची म्हणवले आणि तिचं नाव मला आंधळ्या मामीला विचारावं लागलं. मामीनं सांगितलं. जुरी.

जुरी. मी हाक मारली. आधी पुटपुटल्यासारखी, मग पुसू ओरडला, "मोठ्यानं! शाळेत पोरायवर ओरडत होती ना!" मग मोठ्यानं. नाव पाण्यावरून पलीकडं गेलं, तिकडच्या झाडांत शिरलं. हात पाण्यात घातला, वाळू आली. पुन्हा हाक मारली, दगडाखाली चाचपलं, पाला आला. ऊन चढलं. पाय गार पडले. मासे दिसत होते, काडीएवढे, हात जवळ नेला की पाण्यासारखे होऊन जात. बाकी कोणाला धरता येत नाही, रक्ताचंच माणूस पाहिजे. मला वाटलं, तिला यायचंच नाही. ती का येईल? कोण बोलावतंय तिला?

तेवढ्यात मिष्टूनं सलवार गुडघ्यावर खोचली आणि ती पाण्यात उतरली. "ठाकुमा, तू हाक मार. हात माझा." तिच्या बंगाली आजोबांनी तिला लहानपणी तळ्यात उभं करून हातानं मासे धरायला शिकवलंय. ओढणी तिनं दोन दगडांमध्ये पाण्याखाली अंथरली, वाकली, आणि हलायचीच थांबली. बगळ्यासारखी. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तिनं ओढणीची चारी टोकं एका झटक्यात वर घेतली.

आत करंगळीएवढा मासा होता. काचेसारखा. आतला काळा ठिपका धडधडताना दिसत होता.

काठावर एका म्हाताऱ्यानं शंका काढली की पोरगी बंगाली हाताची आहे. मामी पुसूच्या पाठीवरून म्हणाली, "पणतीचा हात न् जुरीचा हात एकच. माशाले समजलं, तुमाले काऊन नाई समजत?" म्हाताऱ्यानं मडकं पुढं केलं. आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आमच्या घरात काय काय मिसळलंय याची मोजदाद करताना लाज नाही वाटली. श्रीमंत वाटलं. माझ्या आईला आणायला पूर्व बंगालातून पिढ्यांनी चालत आलेला एक हात लागला होता.

मडकं मी धरलं. घरापर्यंत वाटेत त्या जिवाशी बोलत जायचं असतं, नाहीतर तो वाट चुकतो. मी पुसूला विचारलं, "मला तिची बोली येत नाही. मराठीत बोलू?"

"तुह्यासोबत ते मराठीतच बोलत होती ना? मग बोल."

मी बोलत गेले. आता काठ चढतोय. हे शेत पुसूचं. इथं काटे आहेत, मी वळसा घेते. तू जेवली का? हे मी का विचारलं कोण जाणे. मडक्यातलं पाणी डचमळत होतं. मिष्टू माझा दंड धरून होती. दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं, खाली वाकलेल्या बाया. त्या सरळ झाल्या आणि आम्ही जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

घराच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांची जागा आहे. तिथं मडकं ठेवलं. मामीनं चाचपडत त्यावर हात ठेवला आणि तिच्या बोलीत बराच वेळ काही सांगितलं, एकेकाचं नाव घेत, नवी सून घरच्यांना दाखवावी तसं. एक नाव मी ओळखलं. मामाचं.

"तो इथंच आहे?" मी विचारलं.

"मग कुठी जाईन?" मामी म्हणाली. "त्याच्याच बाजूनं ठेवली तिले. किती वर्षांनी भेटून राह्यले भाऊ-बहीण. आता बोलतीन. तू बाहेर बस, त्यायले बोलू दे."

मी बाहेर अंगणात येऊन बसले. मिष्टू पुसूकडून त्याची आत्या, म्हणजे जुरी, कशी पळाली ते ऐकत होती आणि हसत होती. मोह वाळत घातला होता, चटयांच्या चटया. मी आतल्या कोपऱ्याकडं कान देऊन होते. आई मेली ती बाराव्याच्या आधी. मामा दारात आला ते तिला माहीत नाही. मी काय म्हणाले ते तिला माहीत नाही. मामानं पुसूला सांगितलं नाही, मामीला सांगितलं नाही. पण बहिणीला? इतक्या वर्षांनी शेजारी बसलेल्या बहिणीनं विचारलं, तेव्हा तू माझ्या लेकीला न्यायला का नाही आलास रे, तर तो काय सांगेल? लेक आजारी होती म्हणेल? की सांगेल?

तो खोटंच सांगेल. मला ठाऊक आहे. मेल्यावरही तो मला सांभाळून घेईल आणि भिंतीला धरून उभा राहील.

मी उठले. मिष्टू म्हणाली, "कुठं चाललीस?" मी म्हटलं, "आलेच." आणि वाकून आत गेले, मामानं तोंड उघडायच्या आत आईला स्वतःच सांगायला.